मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे

माझी मावशी एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाली.

हे वाक्य कुणी वाचलं असेल तर कृपया विसरावं. तसं काही घडलेलं नाही. म्हणजे घडलं, भर सभेत घडलं, टाळ्यासुद्धा झाल्या. पण ते ज्या इतिवृत्तात लिहिलंय ते अजून कायम व्हायचं आहे, आणि कायम न झालेली गोष्ट आमच्या मंडळात झालेली नसते. तेव्हा मावशी नोकरीत आहे असं धरूनच पुढे जाऊ. ती स्वतःही तसंच धरून रोज सकाळी सव्वानऊला जाते.

मावशी नेमकं काय काम करते हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता आलेलं नाही. मी लहान असताना ती नाट्यसंस्थेत होती. शेजारी विचारायचे, तेव्हा आई म्हणायची, "ताई नाटकात असते."

"अरे वा! कसली कामं करतात?"

"खुर्च्यांची," आई म्हणायची आणि विषय बदलायची.

खरं तर ती व्यवस्थापक होती. अकरा वर्षं नाट्यसंस्था, मग सात वर्षं जीवाश्मांचं संग्रहालय, मग पाच वर्षं वाद्यवृंद, आणि आता आठ वर्षं आमचं कला-विज्ञान संयुक्त मंडळ. एखादी संस्था डबघाईला आली, विश्वस्त एकमेकांना पाण्यात पाहू लागले, की कुणीतरी मावशीचा नंबर शोधायचं. ती तिची शिक्क्यांची पेटी घेऊन हजर व्हायची. कला असो की विज्ञान, तिला फरक पडत नसे. तिच्या मते दोन्हीकडे माणसं सारखीच, फक्त विज्ञानवाले भांडताना आकडे सांगतात.

संग्रहालयात तिने एका अवाढव्य प्राण्याचा सांगाडा साठा नोंदवहीत "फर्निचर (जुने)" या रकान्यात चढवला, कारण दुसरा रकाना "किरकोळ" होता आणि शास्त्रज्ञांना तो अपमान वाटला. दरवर्षी त्या प्राण्याचे मणके मोजले जायचे. एका वर्षी एक जास्त भरला. कमी भरला असता तर चौकशी बसली असती. जास्त भरल्यावर काय करायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून प्राण्याला बढती मिळाल्यासारखं सगळे खूश झाले. तो मणका म्हणजे पहारेकऱ्याची दार अडवायची धोंड होती हे पुढे दोन वर्षांनी उघडकीला आलं, दार जोरात आपटलं तेव्हा.

वाद्यवृंदात तिने रजेचे अर्ज सुरू केले. बासरीवाल्याने पहिल्याच आठवड्यात अर्ज दिला: कार्यक्रमाच्या मध्यात आपल्याला नऊ मिनिटं वाजवायचं नसतं, ती रजा मंजूर व्हावी. मावशीने मंजूर केली. सेवानिवृत्त होईतो त्याच्याकडे अकरा दिवसांची शिल्लक जमली होती, ती कशी जमली हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

पण या एकतीस वर्षांत मावशीने एकही कार्यक्रम पाहिला नाही. नाट्यसंस्थेत पहिल्या घंटेला ती दारात असायची, दुसरीला तिकीट खिडकीवर, आणि तिसरीनंतर उशिरा आलेल्यांशी भांडत. नायक शेवटी मरतो की लग्न करतो हे तिला बंद दाराआडून टाळ्यांच्या लांबीवरून कळायचं. मेला की टाळ्या जास्त वेळ चालायच्या.

यामागे एक नियमही होता, आणि तो तिचाच होता. नाट्यसंस्थेतला एक कारकून पहिल्या रांगेत बसून इतका हमसून रडायला लागला की लोक नाटक सोडून त्याच्याकडे बघायला लागले. तेव्हा मावशीने सेवानियम लिहिला: कार्यक्रम चालू असताना कर्मचाऱ्याने प्रेक्षकांत बसू नये. तिने पुढच्या प्रत्येक संस्थेत तो सोबत नेला, लोक मनी प्लांट नेतात तसा.

इतिवृत्ताचा नियमसुद्धा तिथलाच. एका सभेत नव्या नाटकाचं नेपथ्य जंगलाचं करायचं ठरलं. पुढच्या सभेत मुख्य नट छातीठोकपणे म्हणाला की समुद्र ठरलं होतं. तोवर अर्ध्या कामगारांना एकाने सांगितलेलं आणि अर्ध्यांना दुसऱ्याने. पहिल्या प्रयोगाला जहाज वडाच्या झाडावर आदळलं. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण मावशीने धसका घेतला. तेव्हापासून तिच्या प्रत्येक संस्थेत एकच कायदा: सभेत ठरलेलं इतिवृत्तात लिहायचं, पुढच्या सभेत वाचून कायम करायचं, आणि तसं होईपर्यंत ते ठरलेलंच नाही.

आता मंडळाबद्दल. पूर्वी एक खगोल मंडळ होतं आणि एक गायनवर्ग होता. दोघांचीही नजर एकाच घुमटाच्या खोलीवर होती. खगोलवाल्यांना घुमट उघडायला हवा होता, गायनवाल्यांना घुमण्यासाठी बंद. भांडून दोघांच्या नाकी नऊ आले, म्हणून त्यांनी एकत्र येऊन संयुक्त मंडळ काढलं, म्हणजे आता भांडण घरातल्या घरात होतं. अध्यक्ष म्हणून दातांचे डॉक्टर नेमले, कारण समोरच्याचं तोंड बंद असताना बोलायची सवय त्यांना नव्हती, त्यामुळे ते कुणालाच गप्प करणार नाहीत अशी दोन्ही बाजूंची खात्री होती. खगोलाच्या बाजूने दुर्बीणकाका, गाण्याच्या बाजूने गाणाऱ्या बाई. आणखी दोन विश्वस्त कागदावर आहेत. त्यांच्या सह्या फार सुंदर आहेत एवढंच मला माहीत आहे.

वर्षाच्या सुरुवातीला दुर्बीणकाकांनी जाहीर केलं की येत्या हंगामात आमच्या आवारातून खग्रास सूर्यग्रहण दिसणार. सकाळी अकरा बेचाळीसला, दोन मिनिटं अकरा सेकंद. त्या दिवशी मावशी घरी आली, चपला काढल्या, आणि आईला म्हणाली, "मी सोडतेय."

"काय सोडतेयस? गॅस चालू आहे का?"

"नोकरी. साठ पूर्ण होताहेत. ग्रहणाआधी सुटते म्हणजे बघायला बसता येईल."

आई चक्रावली. "बघायला नोकरी कशाला सोडायला हवी? मान वर कर आणि बघ."

"कार्यक्रम मंडळाचा आहे," मावशी म्हणाली.

"पण मावशी, सूर्य काही मंडळाच्या मालकीचा नाही," मी म्हणालो.

"खुर्च्या आहेत ना!"

तिने आयुष्यातलं पहिलं तिकीट घेतलं. तिसरी रांग, आसन क्रमांक चौदा. स्वतःच्याच खिडकीवर बाहेरच्या बाजूने रांगेत उभी राहिली, मग आत गेली, तिकीट दिलं, पुन्हा बाहेर येऊन घेतलं. घरी तिने ते चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि जेवताना दोनदा डबी उघडून पाहिली. मावशीला कशाची तरी उत्सुकता आहे हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आईनेही पाहिलं असणार, कारण तिने टोमणा मारला नाही.

सभा झाली. सहावा ठराव मावशीच्या निवृत्तीचा, सातवा माझ्या नेमणुकीचा. नात्याचा काही संबंध नाही. जाहिरातीला माझ्याशिवाय फक्त बासरीवाल्याचा अर्ज आला होता, आणि त्याने सोबत रजेचाही जोडला होता. दोन्ही ठराव टाळ्यांत मंजूर. आता फक्त पुढच्या सभेत ते कायम व्हायचे होते.

पुढची सभा कधी घ्यायची यावर अध्यक्षांनी कॅलेंडर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "ग्रहणाच्या दिवशीच ठेवू की! सगळे तसेही येणारच आहेत."

मी मावशीकडे बघितलं. ती खाली मान घालून तारीख लिहून घेत होती. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अगं, हरकत का घेतली नाहीस?"

"माझ्या फायद्याची हरकत मीच कशी घेणार? पावणेअकराला सभा, इतिवृत्त कायम करायला पाच मिनिटं. अकराला मी खुर्चीत. उलट बरंय, सकाळी एकदा सगळ्यांच्या हजेऱ्या घेऊन मग सुटते."

ग्रहणाच्या दिवशी आवारात दीडशे खुर्च्या मांडल्या होत्या. मी फाटकावर काळे चष्मे वाटत होतो. सूर्याला एका कडेने चावा बसायला सुरुवात झाली होती आणि लोक आपापल्या मुलांना तो आपणच दाखवत असल्यासारखे दाखवत होते. सभेची खोली आवाराला लागूनच आहे, दारातून दहा पावलांवर पहिली रांग. पूर्वी तिथे स्लाइड दाखवायचे, म्हणून खिडक्यांना जाड काळे पडदे आहेत. त्यातला एक अडकून अर्धा उघडा राहिलाय, तेवढाच उजेड.

पावणेअकराला सभेत दोघंच होते: अध्यक्ष आणि गाणाऱ्या बाई. गणपूर्तीला तीन लागतात. मी दुर्बीणकाकांकडे धावलो.

"काका, पाच मिनिटं चला."

"वेडा आहेस का? साडेतीनशे वर्षांनी ग्रहण आलंय आणि मी सभेला येऊ? सभा दर तिमाहीला येते."

मुद्दा बिनतोड होता. नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली. अर्ध्या तासाने जमतील तेवढ्यांत चालते. तो अर्धा तास मावशी खोलीत बसून राहिली. मी म्हटलं, "तेवढ्यात बाहेर येऊन बघ तरी." ती म्हणाली, "अर्धवट झालेलं कशाला बघायचं? पूर्ण झालं की येते."

सव्वाअकराला सभा सुरू. मावशी इतिवृत्त वाचू लागली. ठराव एक, दोन, झाले. तिसरा ठराव असा होता: ग्रहणकाळात गायनवर्गाने शांततेत गायन करावे. दुर्बीणकाकांना शांतता हवी होती आणि बाईंनी बरोबर दोन मिनिटं अकरा सेकंदांची रचना बसवली होती, म्हणून मावशीने दोघांनाही नाराज करणारा हा मधला मार्ग काढला होता. बाईंनी हात वर केला.

"शांततेत गायन म्हणजे काय?"

"हळू," अध्यक्ष म्हणाले.

"हळू म्हणजे किती? माझे खर्जवाले आधीच ऐकू येत नाहीत."

"मग त्यांना हळू म्हणायची गरज नाही."

"म्हणजे ते बेकायदा गात होते का इतके दिवस?"

हे मला फाटकापर्यंत ऐकू येत होतं. साडेअकरा झाले. उजेड विचित्र होऊ लागला, माणसांच्या सावल्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या दिसायला लागल्या, आणि झाडावरचे पक्षी घरी जायच्या तयारीला लागले. तिसऱ्या रांगेत चौदा नंबर रिकामा होता. त्यावर एका बाईने पर्स ठेवली होती. मी जाऊन ती काढायला सांगितली. "येणारेत का कुणी?" तिने विचारलं. "ठराव सहा कायम झाला की," मी म्हणालो, आणि तिने पर्स छातीशी धरली.

अकरा एकेचाळीसला आतून अध्यक्षांचा आवाज आला. "ताई, काही दिसत नाहीये. दिवा लावा जरा."

मावशी उठली आणि तिने ट्यूबलाइट लावली.

मग बाहेर दीडशे माणसांनी एकदम श्वास घेतला. तो आवाज ऐकून अध्यक्ष आणि गाणाऱ्या बाई एकमेकांना ढकलत दाराबाहेर पडले. बाईंचा गायनवर्ग तोंडं उघडी ठेवून वर बघत होता. बाईंनी इशारा द्यायला हात उचलला आणि तोही तसाच वर राहिला. शेवटपर्यंत कुणी एक सूर काढला नाही. दुर्बीणकाका पुढे म्हणणार होते की ठराव तीनचं इतकं तंतोतंत पालन त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मी दारात धावलो. मावशी एकटी, ट्यूबलाइटखाली, वहीसमोर.

"मावशी, चल! झालंय! पूर्ण झालंय!"

"सभा चालू आहे."

"सभेत कुणी नाहीये!"

"कुणी नाही कसं? मी आहे. मी उठले की सभा संपली. मग सगळं पुढच्या तिमाहीत."

"मग वही मला दे. मी बसतो. दहा पावलं आहेत, जा!"

तिने वही उचलली. खरंच उचलली, आणि माझ्याकडे पुढे केली. मी ती धरलीसुद्धा. पण तिने सोडली नाही.

"तुझी नेमणूक सातव्या ठरावात आहे," ती हळूच म्हणाली. "आपण तिसऱ्यावर आहोत."

"कुणाला कळणार आहे?"

"मला."

तिने वही परत घेतली. घड्याळ पाहून लिहिलं: "११.४२, उपस्थित सभासद बाहेर गेले." मग वर न बघता विचारलं, "कसं आहे?"

"काळं. आणि कडेने पांढरं."

"पांढरं म्हणजे? कागदासारखं?"

"नाही गं. मला सांगता येत नाही."

"मग नीट बघ ना! इकडे माझं तोंड काय बघतोस?"

मी वळून बघितलं. चार-पाच सेकंद असतील. मग पुन्हा आत बघितलं, कारण मला वाटलं तिने हाक मारली. तिने मारली नव्हती. तिने चष्म्याची डबी उघडली होती आणि तिकीट टेबलावर ठेवलं होतं, आकड्याची बाजू वर करून. तेवढ्यात बाहेर टाळ्या वाजल्या. मावशी कान देऊन ऐकत राहिली.

"बऱ्याच लांबल्या," ती म्हणाली. "चांगलं झालेलं दिसतंय." आणि लिहिलं: "११.४४."

अध्यक्ष परत आले ते रुमालाने डोळे पुसत. "ताई! पाहिलंत ना? काय ते! आयुष्यात एकदाच हो, एकदाच!"

"ठराव चार वाचू का?"

"छे छे, आता कसली सभा! आता माझ्याच्याने बसवणार नाही. झाली सभा."

"सहावा राहिला आहे."

"कसला सहावा?"

"माझ्या निवृत्तीचा."

"हा, तो! तो घेऊ की पुढच्या वेळी. तुम्हाला एवढी काय घाई आहे?"

मावशीने लिहिलं: "अध्यक्षांच्या परवानगीने सभा समाप्त." मग दिवा बंद केला, कारण बाहेर पुन्हा उजाडलं होतं.

खुर्च्या उचलताना दुर्बीणकाका भेटले. त्यांना सगळं कळलं होतं, आणि ओशाळल्यासारखे ते मावशीशेजारी उभे राहिले. "ताई, इथून पुढचं खग्रास तीनशे बहात्तर वर्षांनी आहे," ते म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. विज्ञानवाल्यांना सांत्वन करतानाही आकडा लागतो.

"चालेल," मावशी म्हणाली. "तोवर इतिवृत्त कायम होईल."

घरी आईने तिला फैलावर घेतलं. "ताई, काडी लाव तुझ्या त्या नियमाला! कुणी सांगितलं होतं एवढं नाकासमोर चालायला?"

"नियम बरोबर आहे," मावशी म्हणाली. "नियम नसता तर या माणसांनी मला कधी ठेवलं, कधी काढलं, काही आठवलं नसतं त्यांना. ग्रहणाची वेळ चुकली."

"मग ग्रहणावर तक्रार कर!"

आईने हे रागाने म्हटलं होतं. मावशीने थोडा विचार केला आणि मला कागद आणायला सांगितला. तिने मजकूर सांगितला, मी लिहिला. मी "विनंती" लिहिलं होतं, तिने "नम्र विनंती" करायला लावलं. दुसऱ्या दिवशी तिने तो अर्ज स्वतःच्या टेबलावर स्वतःला सादर केला, आवक क्रमांक २१२ घातला आणि स्वतःला पोच दिली. पुढच्या सभेपुढे तो ठेवला जाईल; सभा त्यावर काय ठरवते ते त्यापुढच्या सभेत कायम होईल. नक्कल अशी:

प्रति,
मा. अध्यक्ष,
कला-विज्ञान संयुक्त मंडळ

विषय: खग्रास सूर्यग्रहण पुन्हा घेण्याबाबत.

महोदय,

मंडळाच्या आवारात नुकताच झालेला ग्रहणाचा कार्यक्रम सभेच्या वेळेतच आल्याने अर्जदार, तिकीटधारक असूनही, उपस्थित राहू शकली नाही. तरी सदर ग्रहण त्याच जागी, दोन मिनिटे अकरा सेकंद, कमी न करता, अर्जदाराची निवृत्ती कायम झाल्यानंतरच्या कोणत्याही कामकाजाच्या दिवशी पुन्हा घेण्यात यावे, ही नम्र विनंती. संपूर्ण ग्रहण शक्य नसल्यास शेवटचा टाळ्यांचा भाग वगळला तरी अर्जदाराची हरकत नाही. तो तिने ऐकला आहे.

आसन क्रमांक १४ चे तिकीट सोबत जोडले आहे. ते फाडलेले नाही. कृपया काम झाल्यावर परत करावे.